रोगजंतूंचे दप्तर आणि त्याची चाळणी



आजच्या व्याख्यानाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा तर डॉक्टरांचा किंवा संगणकवाल्यांचा प्रांत. त्यात आपल्याला काय उमगणार? आमचे म्हणणे असे आहे की, ज्याला जुनी कागदपत्रे धुंडाळण्याच्या खटाटोपाची थोडीफार कल्पना आहे, त्याला हा विषय निम्मा समजलेलाच आहे. पुण्याचे पेशवे दप्तर आपणांस ठाऊक आहे. तेथे मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागद काढून त्यांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. असे काम करणाऱ्याला मोडी अक्षर लागत नाही ही अडचण फार दिवस राहत नाही; सरावाने ते लागते. खरी अडचण पुढेच असते. पत्र स्वच्छ वाचता येते, मजकूर महत्त्वाचा असतो, पण खाली चंद्र आणि महिना तेवढा लिहिलेला असतो, साल नसते. कोठून लिहिले तेही कधी कळत नाही. अशा पत्राचे काय करावे? ते खोटे म्हणून टाकता येत नाही आणि पुरावा म्हणून पुढेही करता येत नाही. ही अडचण आपण ध्यानात ठेवावी. आज ज्या दप्तराविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यातही हीच अडचण आहे, आणि तिथे तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.

हे दप्तर रोगजंतूंचे आहे. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याच्या वंशाचा एक लेख असतो. त्यालाच शास्त्रज्ञ जीनोम म्हणतात. हा लेख चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. करोनाच्या विषाणूचा लेख सुमारे ३०,००० अक्षरांचा, पटकीच्या जंतूचा सुमारे ४० लाखांचा आणि क्षयाच्या जंतूचा सुमारे ४४ लाखांचा. जंतू वाढतो तेव्हा या लेखाची नक्कल होते, आणि नक्कल करताना कोठे तरी एखादे अक्षर चुकते. ते चुकलेले अक्षर पुढच्या पिढीत तसेच उतरते. जुन्या पोथ्यांचे असेच होत असे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विद्वानांनी शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि त्यांची घराणी लावली. दोन पोथ्यांत तोच पाठभेद सापडला की त्या एका घराण्यातल्या असाव्यात, असे मानण्यास आधार मिळतो. जंतूंची घराणी लावण्याची रीतही हीच आहे. दोन रुग्णांच्या शरीरांतील जंतूंचे लेख अक्षर न् अक्षर जुळले, तर त्या दोघांचा रोग एका उगमातून आला असण्याचा संभव मोठा.

पण ताडून पाहायचे तर सगळ्या पोथ्या एका जागी हव्यात. म्हणून असले लेख साठविण्याची सार्वजनिक दप्तरे निघाली. मार्गारेट डेहॉफ या विदुषीने १९६५ साली प्रथिनांच्या अक्षरमाला गोळा करून चक्क पुस्तक छापले. तेव्हा एवढ्या साऱ्या गोष्टी पुस्तकात मावत होत्या. अमेरिकेत १९८२ साली 'जेनबँक' नावाचे दप्तर सुरू झाले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यात एकंदर ६०६ नोंदी होत्या, आणि त्यांची सारी मिळून सात लाख अक्षरेसुद्धा भरत नव्हती. युरोपात आणि जपानातही अशी दप्तरे निघाली. ही तिन्ही दप्तरे आपापल्या नोंदींची परस्परांशी नित्य देवघेव करतात. ती जगातल्या कोणालाही मोफत खुली आहेत. याखेरीज २००८ साली इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंसाठी 'गिसेड' हे निराळे दप्तर उभे राहिले. करोनाच्या साथीत त्याच दप्तरात त्या एका विषाणूचे दीड कोटीहून अधिक लेख जमा झाले. कोठे ६०६ आणि कोठे दीड कोटी! पेशवे दप्तरातला कारकूनसुद्धा हा आकडा ऐकून डोक्याला हात लावील.

आता एवढ्या ढिगातून हवे ते कसे काढावयाचे? त्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली रीत अक्षरांवरून शोधण्याची. आपल्या हाती एक लेख आहे. त्याच्यासारखे दुसरे कोणते आहेत ते संगणकाला विचारावयाचे. १९९० साली निघालेली 'ब्लास्ट' नावाची युक्ती हे काम करते. ती सबंध लेख एकदम ताडीत बसत नाही. दहा-अकरा अक्षरांचा एखादा तुकडा दोन्हीकडे तंतोतंत जुळतो का ते प्रथम पाहते, आणि जेथे जुळेल तेथून दोन्ही बाजूंना सरकत जुळणी वाढवीत नेते. आपणही एखाद्या अभंगाचा एखादाच चरण आठवला तर त्या चरणावरून गाथेत सबंध अभंग शोधतो. त्यातलाच हा प्रकार.

दुसरी रीत चिठ्ठीवरून शोधण्याची. प्रत्येक लेखाला एक चिठ्ठी डकवलेली असते. तीवर जंतूचे नाव, तो ज्याच्या शरीरात सापडला तो पोशिंदा माणूस की पशू, नमुना कोठे घेतला, कधी घेतला, कोणी वाचला, लेख पूर्ण आहे की तुकडा, अशी माहिती लिहिलेली असते. तपास करणारा त्या माहितीच्या चाळण्या एकावर एक लावतो. समजा, एखाद्या जिल्ह्यात पटकीची साथ आली आहे आणि हा जंतू पूर्वी कोठे दिसला होता हे पाहावयाचे आहे. तो प्रथम पटकीच्या जंतूचे नाव घालतो. पुढे पोशिंदा माणूस एवढेच ठेवतो. मग प्रदेश, मग मागच्या दहा वर्षांचे दिनांक. आणि शेवटी म्हणतो, मला पूर्ण लेखच दाखव. लाखांचे हजार होतात, हजारांचे शेकडा होतात, आणि शेवटी हाती पाचपंचवीस नोंदी उरतात. हे सारे काही मिनिटांत होते. इतके सोपे झाल्यामुळेच ते करताना सावध राहिले पाहिजे, आणि आमच्या बोलण्याचा मुख्य हेतू हाच आहे.

आपल्या स्वयंपाकघरातली चाळणी घ्या. पीठ चाळल्यावर वर कोंडा राहतो तो आपल्याला दिसतो. संगणकाच्या चाळणीतून जे गळून पडते ते दिसत नाही. चिठ्ठीवर 'भारत' एवढेच लिहिले असेल आणि आपण 'महाराष्ट्र' म्हणून चाळले, तर तो नमुना सोलापूरचा असूनही गळून जातो. कोणी 'बॉम्बे' लिहिले आणि आपण 'मुंबई' म्हणून शोधले, तरी तेच होण्याचे भय. दिनांकाचा भाग तर याहून फसवा आहे. एक दिनांक नमुना घेतल्याचा असतो आणि दुसरा तो लेख दप्तरात दाखल झाल्याचा. या दोहोंत कधी आठवड्याचे अंतर असते, तर कधी वर्षांचे. दुसऱ्या दिनांकावरून चाळणाऱ्याला जुनाच जंतू नवा म्हणून भेटेल, आणि तो उगीच धावाधाव करील.

लेखाच्या सुवाच्यतेचेही असेच आहे. यंत्राला जेथे अक्षर लागत नाही तेथे ते एक ठराविक खूण घालून पुढे जाते. वाळवीने खाल्लेल्या जागी संपादकाने टिंबे द्यावीत तसे. फार टिंबांचा लेख घराणी लावताना घात करतो, म्हणून एक टक्क्याहून कमी टिंबे असलेलेच लेख घ्यावेत असा दंडक लावतात. दंडक योग्यच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम पाहा. ज्या प्रयोगशाळेत वीज टिकत नाही, रसायने वेळेवर येत नाहीत, नमुना गाडीने दोन दिवस प्रवास करून येतो, तिचे लेख टिंबांनी भरलेले असणार. म्हणजे चाळणी जसजशी बारीक करावी तसतसे गरीब मुलुख नकाशावरून नाहीसे होऊ लागतात. तेथे रोग नाही असा याचा अर्थ नव्हे. म्हणून जाणता माणूस प्रत्येक चाळणीबरोबर स्वतःस विचारतो की, आता खाली काय पडले? आणि एकदा चाळणी सैल करून, एकदा घट्ट करून, दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहतो.

आता एक घडलेली हकीकत सांगतो, म्हणजे या बारीकसारीक गोष्टींचे मोल ध्यानात येईल. पटकीचे नाव आपल्या आजापणजांना चांगलेच परिचयाचे होते. गावाच्या वेशीवरची मरीआईची देवळे त्याची साक्ष देतात. परंतु कॅरिबियन समुद्रातील हैती नावाच्या देशात २०१० पर्यंत निदान शंभर वर्षे तरी पटकीची नोंद नव्हती. त्या वर्षी १२ जानेवारीला तेथे भयंकर भूकंप झाला. ऑक्टोबर महिन्यात आर्तिबोनित नदीच्या काठी माणसे जुलाबांनी पटापट मरू लागली. पटकीच होती ती. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना तिची बाधा झाली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली.

ही कोठून आली, यावर दोन मते पडली. काहींचे म्हणणे होते की, जंतू तिथल्याच किनाऱ्याच्या पाण्यात होता आणि उष्म्याने व भूकंपाने माजला. दुसऱ्या बाजूने लोक वरच्या अंगाच्या एका उपनदीकडे बोट दाखवीत होते. तेथे, मिरबाले गावाजवळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांची छावणी होती, आणि त्याच महिन्यात नेपाळहून नवी तुकडी तेथे आली होती. नेपाळात त्या वर्षी पटकी चालू होती. छावणीतील मैलापाण्याची व्यवस्था दूषण रोखण्यास अपुरी होती, असे पुढे राष्ट्रसंघाने नेमलेल्या चौकशी-मंडळानेच नमूद केले.

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हैतीतील जंतूचा लेख वाचला आणि इतर लेखांशी ताडून पाहिला. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचे उत्तर आले. १९९१ साली पेरू देशात आढळलेल्या जंतूशी, म्हणजे जवळच्या शेजाऱ्याशी, त्याचे नाते दूरचे होते. २००२ आणि २००८ साली बांगलादेशात सापडलेल्या जंतूंशी मात्र तो अगदी निकटचा होता. आता, बंधूंनो, येथे उतावळा माणूस काय म्हणेल? तो म्हणेल की, रोग बांगलादेशातून आला. परंतु ज्या लेखांशी तुलना झाली त्यांत नेपाळचा लेखच नव्हता. जो रांगेत उभाच नाही त्याला ओळखणार कसे? त्या उत्तराचा खरा अर्थ इतकाच होता की, जंतू दक्षिण आशियातल्या घराण्याचा आहे.

पुढे नेपाळच्या पाच जिल्ह्यांतून २०१० च्या जुलैअखेरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत मिळालेल्या २४ जंतूंचे लेख वाचले गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्यांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यांपैकी तीन जंतू हैतीतील तीन जंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळले. चाळीस लाख अक्षरांत फरक निघाला तो एकदोन अक्षरांचा! रांगेत योग्य माणूस उभा राहिला आणि ओळख पटली. तरीही राष्ट्रसंघाने आपला वाटा मान्य करावयास ऑगस्ट २०१६ उजाडला, आणि सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात.

या हकीकतीतून आम्ही जो बोध घेतो तो असा. दप्तरातला शोध आपल्याला 'सर्वांत जवळचा' दाखवितो. पण तो असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा असतो. ज्या देशाने, ज्या जिल्ह्याने आपले जंतू वाचलेच नाहीत त्यांच्याविषयी दप्तर मौन पाळते, आणि त्या मौनाला आपण निर्दोषत्वाचा दाखला समजतो. जो प्रामाणिकपणे वाचतो आणि प्रसिद्ध करतो त्याच्या नावावर मात्र पुष्कळदा विनाकारण डाग लागतो. दुसरी गोष्ट अशी की, अक्षरांनी घराणे सांगितले, पण वाट सांगितली ती नदीने, छावणीच्या गटाराने आणि गावोगाव हिंडून रुग्णांची टिपणे करणाऱ्यांनी. कागद आणि पायपीट ही दोन्ही एकमेकांना पूरक आहेत; एकावाचून दुसऱ्याची साक्ष लंगडी पडते. आणि कोण्या सैनिकाच्या माथी पाप मारण्यातही अर्थ नाही. आपल्या पोटात जंतू आहे हे त्या बापड्यास कदाचित ठाऊकही नसेल. दोष मैला नदीत जाऊ देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

हे सारे दूरदेशीचे झाले. घरची गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्या देशात डिसेंबर २०२० मध्ये करोनाचे लेख वाचण्यासाठी 'इन्साकॉग' हा प्रयोगशाळांचा संघ स्थापन झाला. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, जी १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली, तीही या संघात आहे. २४ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने एक पत्रक काढले. त्यात महाराष्ट्राचा नाव घेऊन उल्लेख होता. येथील नमुन्यांत दोन विशिष्ट अक्षरबदल एकत्र असलेल्या विषाणूंचे प्रमाण डिसेंबरच्या मानाने वाढले असून ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळतात, असे त्यात म्हटले होते. त्यानंतरच्या एप्रिल आणि मे महिन्यांनी आपल्या घराघरांत काय केले ते आम्ही येथे सांगण्याची आवश्यकता नाही. याच घराण्यातला एक वंश पुढे सर्व जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी त्याला 'डेल्टा' हे ग्रीक अक्षराचे नाव दिले. एखाद्या देशाचे नाव रोगाला चिकटून त्या देशाच्या माणसांची अवहेलना होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

डेल्टाचा सर्वांत जुना नोंदलेला नमुना ऑक्टोबर २०२० मधला, भारतातला आहे. या वाक्यातला 'नोंदलेला' हा शब्द आपण आता नीट वाचाल, अशी आमची आशा आहे. आणि दुसरेही पाहाल. नमुना ऑक्टोबरचा आणि सरकारी पत्रक मार्चचे. मधले पाच महिने कोठे गेले? सर्व दोष कोणा एकाचा नाही. ऑक्टोबरात तो शेकडो वंशांतला एक होता. त्या एका नमुन्यावरून भविष्य वर्तविणे कोणालाच शक्य नव्हते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातून दर आठवड्यास नमुने येऊन वाचले जावे लागतात. तरच एका वंशाचे प्रमाण वाढते आहे हे वेळीच दिसते. एक कागद बातमी देतो. वाढ दिसण्यास रोजकीर्दच लागते. आणि रोजकीर्द साथ आल्यावर लिहावयास बसून चालत नाही.

येथे एक शंका निघेल. आपण आपले लेख जगाला मोफत द्यावे आणि त्यांवरून औषधे व लसी काढून दुसऱ्यांनी त्या आपल्यालाच विकाव्या, हा न्याय कसला? शंका रास्त आहे. पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाच्या काळात, २००७ च्या सुमारास, इंडोनेशियाने याच कारणासाठी आपले नमुने देण्याचे थांबविले होते. 'गिसेड' दप्तराची उभारणी अशाच वादांच्या पार्श्वभूमीवर झाली. तेथे लेख वापरणाऱ्याने आपले नाव नोंदवावे आणि देणाऱ्याचे श्रेय मान्य करावे, अशी अट आहे. उलट बाजूने खुल्या दप्तराचे पुरस्कर्ते म्हणतात की, साथीच्या घाईत दारावर कुलूप नको. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. देणाऱ्याचा मान राखला नाही तर तो उद्या देणार नाही, आणि दार बंद केले तर उद्या आपल्याच मुलाबाळांच्या रोगाचे मूळ सापडणार नाही. ११ जानेवारी २०२० रोजी करोनाचा पहिला लेख चीनमधील एका शास्त्रज्ञाने आपल्या परदेशी सहकाऱ्यामार्फत जगापुढे ठेवला, आणि तो मिळताच लसीची आखणी सुरू झाली. तो लेख महिनाभर कुलपात राहिला असता तर, हा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

मग आपण नगरवासीयांनी यात काय करावे? प्रत्येकाने संगणकापुढे बसून जंतू चाळावेत असे आमचे म्हणणे नाही. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना गोडी असेल त्यांनी ते अवश्य करावे, कारण त्याला पैसा पडत नाही. परंतु वर्तमानपत्रात 'अमक्या ठिकाणी नवा विषाणू सापडला' असे वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. नमुना कधीचा? किती नमुन्यांतून? ज्या ठिकाणांचे नाव नाही तेथे वाचन झाले होते काय? आणि गावात हिंडून कोणी पाहिले काय? इस्पितळात आपला किंवा घरच्यांचा नमुना घेताना कोणी गाव, दिवस आणि वय विचारले तर वैतागू नका. नाव गुप्त राहिलेच पाहिजे, आणि तसा आग्रह धरण्याचा आपला हक्कच आहे. पण ठिकाण आणि दिवस खरे सांगा. नगरपालिकेचे सभासद मते मागावयास आले की रस्त्यांविषयी विचारता, तसे कधी हेही विचारा की, आपल्या गावातील साथीचे नमुने कोठे जातात आणि त्यांची चिठ्ठी कोण लिहितो.

जगातली मोठमोठी यंत्रे चाळीस लाख अक्षरे तासाभरात वाचतील. त्या लेखाला गाव आणि तिथी मात्र इस्पितळातला कारकून, परिचारिका किंवा आरोग्यसेवकच देतो, आणि त्याच्या त्या दोन ओळींवाचून बाकीचे वाचन मुके राहते. त्या दोन ओळी लिहिणाऱ्याला वेळ, शाई आणि थोडा मान मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.